वारसा आणि पाप

पूर्वजांच्या पापाचा भार वंशजांनी वाहावा काय, या प्रश्नावर बायबलच्या जुन्या करारातच दोन मते आढळतात: निर्गम या ग्रंथात ईश्वर वडिलांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत नेतो, तर यहेज्केल हा संदेष्टा, म्हणजे ईश्वराचा निरोप लोकांपर्यंत पोहोचवणारा, मुलगा बापाच्या पापाचा धनी नाही असे निक्षून सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील ग्रिमके या मळेवाल्या घराण्याच्या इतिहासात हा पेच जितका उघड झाला, तितका तो धर्मशास्त्राच्या चर्चेतही क्वचितच होतो.

न्यायाधीश जॉन ग्रिमके यांचे वैभव गुलामांच्या श्रमावर उभे होते. त्यांच्या सारा (जन्म १७९२) आणि अँजेलिना (जन्म १८०५) या कन्यांनी चार्ल्सटन सोडले आणि फिलाडेल्फियात क्वेकर पंथ, म्हणजे प्रत्येकाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश वसतो असे मानणारा ख्रिस्ती पंथ, स्वीकारला. पुढे १८३६ मध्ये अँजेलिनाने दक्षिणेतील ख्रिस्ती स्त्रियांना उद्देशून एक आवाहन लिहिले आणि नोहाच्या शापाचा, म्हणजे मुलाच्या अपराधासाठी त्याच्या वंशाला गुलाम होण्याचा जो शाप बायबलमध्ये नोहा देतो त्याचा, दाखला देऊन गुलामगिरीची पाठराखण करणाऱ्यांचा युक्तिवाद बायबलच्याच आधारे खोडून काढला.

खरी कसोटी मात्र गृहत्यागात नव्हती. या बहिणींचा भाऊ हेन्री याला नॅन्सी वेस्टन या गुलाम स्त्रीपासून तीन पुत्र झाले. १८५२ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रान्वये ती आणि तिची मुले त्याच्या गोऱ्या मुलाच्या, माँटेग्यूच्या, ताब्यात गेली, आणि त्याने आपल्या या सावत्र भावांना घरगडी म्हणून राबवले, त्यांच्यापैकी फ्रान्सिसला तर विकूनही टाकले. ज्या व्यवस्थेत भाऊच भावाला मिळकत म्हणून मिळतो, तिथे यहेज्केलचा निर्वाळा अपुरा पडतो. दोष वारशाने येत नाही हे खरेच. परंतु बापाची मिळकत घेणारा तिच्यावरील ऋणही घेतो, आणि रक्ताचे नाते नाकारणे हे वंशजाने स्वतः नव्याने केलेले पाप ठरते.

गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर, १८६८ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात ग्रिमके आडनावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी असल्याचे वाचनात येताच अँजेलिनाने त्याला पत्र लिहिले, नॅन्सीचे पुत्र आर्चिबाल्ड आणि फ्रान्सिस हे आपले भाचे आहेत हे उघडपणे मान्य केले आणि दोघी बहिणींनी त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. हे ऋण पूर्णपणे फिटले असे म्हणता येणार नाही, पण ते मान्य केले गेले, आणि त्या काळी तेवढेही फार थोड्यांना जमले. पुढे फ्रान्सिस वॉशिंग्टनमध्ये प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक झाले, तर हार्वर्डमध्ये कायदा शिकलेल्या आर्चिबाल्ड यांनी १८८० मध्ये जन्मलेल्या कन्येचे नाव अँजेलिना ठेवले; तिने कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांविरुद्ध लिहिलेले ‘रेचल’ हे नाटक १९१६ मध्ये रंगभूमीवर आले.