नाशिकची चार नावे आणि प्रतीकोपासना

वेदान्तात ‘प्रतीक’ या संज्ञेचा अर्थ काटेकोर आहे. जी वस्तू स्वतः ब्रह्म नव्हे, परंतु जिच्या ठिकाणी ब्रह्मबुद्धी ठेवून उपासना करावयाची, ती वस्तू म्हणजे प्रतीक. छांदोग्य उपनिषदात मनाची आणि आदित्याची अशी उपासना सांगितली आहे, आणि ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात तिचा नियम येतो, तो असा की लहानाकडे थोराच्या दृष्टीने पाहावे, थोराकडे लहानाच्या दृष्टीने पाहू नये. सारथ्याला राजा मानल्याने सारथ्याचा उत्कर्ष होतो, मात्र राजाला सारथी मानणे हा राजाचा अपकर्ष ठरतो, असा लौकिक दाखला शंकराचार्यांनी भाष्यात दिला आहे. राज्याची मुद्रा आणि नगराची बिरुदे यांचा आध्यात्मिक अर्थ शोधताना हाच नियम हाती धरणे योग्य होईल.

महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवरील संस्कृत वचन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतले आहे. मूळ मुद्रेत शहाजीपुत्र शिवाचे नाव होते, त्या जागी आता महाराष्ट्र राज्याचे नाव आले, परंतु प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा आणि ‘भद्राय’ हा शब्द तसाच राहिला. उपमेसाठी पौर्णिमेचा चंद्र न घेता प्रतिपदेची कोर घेणारी सत्ता स्वतःचे अपुरेपण मान्य करते, आणि ‘भद्राय’ या चतुर्थीने, म्हणजे ‘कल्याणासाठी’ या प्रयोजनवाचक विभक्तीने, आपल्या शोभेचे कारण स्वतःबाहेर ठेवते. येथे राज्य हे लहान आणि लोककल्याण हे थोर आहे. मुद्रेचा सगळा अर्थ या क्रमावर उभा आहे.

नाशिकच्या नावांची परंपरा याहून गुंतागुंतीची आहे. कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरयुगात जनस्थान आणि कलियुगात नाशिक, असा क्रम क्षेत्रपरंपरा सांगते. पद्मनगर हे ब्रह्मदेवाच्या पद्मासनाशी जोडले जाते आणि त्रिकंटक हे विष्णूने मारलेल्या तीन दैत्यांशी, म्हणजे तीन काट्यांशी. मोगल अमलात याच गावाला गुलशनाबाद म्हणत. पद्म आणि गुलशन या दोन्ही नावांत फूल यावे, हा योगायोग मोठा सुंदर आहे. इतिहासाच्या बाजूने पाहता नाशिक हे नाव पांडवलेण्यांतील एका प्राकृत लेखात आढळते. सातवाहन राजा कण्ह याच्या काळी नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे उच्च अधिकाऱ्याने, लेणे करविले, असे तो इसवी सनापूर्वीचा लेख सांगतो. रामायणातील शूर्पणखेच्या कापलेल्या नासिकेवरून, म्हणजे नाकावरून, हे नाव पडले या लोककथेचा उल्लेख त्यात नाही. नऊ शिखरांवरून ‘नवशिख’ आणि त्यावरून नाशिक, अशीही एक व्युत्पत्ती दिली जाते.

तरीही लोकमनाने स्वीकारलेला अर्थ शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाचाच आहे, आणि धर्मचिंतनाने त्याकडे डोळेझाक करू नये. एका पुण्यक्षेत्राचे नाव एका स्त्रीच्या जखमेवरून पडले असे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले असतील, तर ते नाव केवळ विजयाची खूण म्हणून मिरविणे हा थोराकडे लहानाच्या दृष्टीने पाहण्याचाच प्रकार होय. जनस्थान या नावाचा प्रवास नेमका उलट दिशेने झालेला दिसतो. वाल्मीकी रामायणात जनस्थान हे खर या राक्षसाचे आणि त्याच्या चौदा हजार राक्षसांचे ठाणे आहे. मात्र शब्दाचा सरळ अर्थ ‘लोकांचे ठिकाण’ असा होतो, आणि नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 1991 पासून आपल्या साहित्य पुरस्काराला हेच नाव दिले. भयाचे नाव सन्मानाचे झाले; सूत्रकारांना अभिप्रेत असलेला उत्कर्ष याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविता येईल.

परंतु जनस्थान हे नाव ज्या कसोटीला लागते ती कसोटी साहित्याची नव्हे, प्रवेशाची आहे. नाशिकला दक्षिण काशी म्हणतात आणि गोदावरीला दक्षिण गंगा, तेव्हा त्या बिरुदांत काशीची आणि गंगेची थोरवी या गावात पाहण्याची प्रतिज्ञा असते. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा रामाच्या दारापुढे जमलेल्या हजारो स्त्री-पुरुषांसाठी मंदिराचे दरवाजे बंद ठेवण्यात आले. ज्यांनी दरवाजे बंद ठेवले त्यांनी मूर्तीचे रक्षण केले असे त्यांना वाटत असेल, परंतु प्रतीकोपासनेच्या नियमाने पाहता त्यांनी ईश्वराला आपल्या जातीएवढे लहान केले. सत्याग्रह काही वर्षे चालूनही प्रवेश मिळाला नाही. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा बाबासाहेबांनी केली, ती याच नाशिक जिल्ह्यातील येवल्यात.