शंकासमाधान : गोठवलेल्या भ्रूणांचं काय करावं?

शंका (एक भगिनी, सांगली) : आम्ही दिगंबर जैन. टेस्ट ट्यूब उपचारांतून आम्हाला दोन मुलं झाली. तीन भ्रूण अजून दवाखान्यात गोठवलेले आहेत. आणखी मूल आम्हाला झेपणार नाही. दर वर्षी साठवणुकीचे पैसे भरताना हे म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." सासूबाई म्हणतात, नष्ट केले तर ती भ्रूणहत्या. मला झोप लागत नाही.

समाधान : ताई, सासूबाईंच्या बोलण्यामागे श्रद्धा आहे, ती मी खोडून काढणार नाही. त्या भ्रूणांत जीवच नाही, असं जैन घरात जाऊन मी सांगणार नाही. पण पाच दिवसांचा हा शे-दीडशे पेशींचा पुंजका उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये थांबलेला आहे. त्याला वेदना नाही आणि गर्भाशयात रुजल्याखेरीज त्याचं बाळ होत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुशीत झाल्यावरच गर्भ मानला आहे. म्हणून माझ्या मते हे भ्रूण तुमची मुलं नव्हेत. टाकाऊ वस्तू तर नव्हेतच. अमेरिकेत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा भ्रूणांना मुलं ठरवलं, तेव्हा तिथल्या काही दवाखान्यांनी उपचारच थांबवले आणि मुलासाठी आसुसलेली जोडपी अधांतरी राहिली.

तुमच्याच परंपरेत चरकसंहितेहून जवळचा आधार आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्राण जाण्याबरोबर प्रमादही, म्हणजे बेसावधपणाही, सांगितला आहे. त्या कसोटीवर मला खटकतं ते "पुढच्या वर्षी बघू". दोघांनी बसून, जड मनाने पण जागेपणी घेतलेला निर्णय हा प्रमाद नव्हे. टाळत टाळत एक दिवस पैसे भरणं सोडून देणं आणि पुढचं दवाखान्यावर ढकलणं, हा प्रमाद.

टेस्ट ट्यूब उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. मग ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. विकता येत नाहीत. तुमचं पत्र वाचून वाटतं, प्रयोगशाळेत दिल्याने तुमची झोप परत येणार नाही; ते नष्ट होऊ द्यावेत. सासूबाईंना आधी सांगा, नंतर नव्हे. मुनिमहाराजांकडून प्रायश्चित्त घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. आणि ज्यांचे उपचार आता सुरू होत आहेत त्यांनी किती बीजं फलित करायची, हे डॉक्टरांशी आधीच बोलावं. हा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

शंका (एक वाचक, सातारा) : आम्हाला एक मुलगी आहे. तपासून मुलाचाच भ्रूण ठेवता येतो, असं एक नातेवाईक म्हणाले. भ्रूण पोटात नाही, मग पाप कसलं?

समाधान : भ्रूण कुठे आहे यावर पाप ठरत नाही, तुम्ही तो का नाकारता यावर ठरतं. मुलगी म्हणून नाकारणं हे बशीत केलं काय, पोटात केलं काय, सारखंच. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले, ते आपण विसरलो का? तुमच्याच साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांची 'लेक लाडकी अभियान' चळवळ वर्षानुवर्षं याविरुद्ध लढते आहे. कायद्याने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा आहे. भ्रूणाची तपासणी फक्त आनुवंशिक आजारांसाठी चालते. नातेवाइकांनी दवाखान्याचं नाव सांगितलं असेल, तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवा.