आज बंद आहे

चार वर्षांच्या मुलाला दिलेला शब्द मोडला तर तो शब्द मोडला असे म्हणायचे की नाही, हा प्रश्न कोणी विचारला असता तर आम्ही हसलो असतो. मागे एका पेसाहच्या सुट्टीत हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला, आणि तोही पायात बूट, डोक्याला टोपी आणि गळ्यात पाण्याची बाटली अडकवून दारातच उभा राहिला.

झाले असे. सणाच्या मधल्या दिवसांत बालवाडीला सुट्टी असते आणि आईबाप कामावर जातात. अशा दिवसांत नातवंडे कोणाकडे असतात ते आमच्या लोदच्या, रामलेच्या आणि दिमोनाच्या वाचकांना सांगायला नको. आमचा नातू आमच्याकडे होता. आदल्या रात्री झोपताना आम्ही त्याला कबूल केले होते की उद्या तुला रामलेला कमानींच्या तळ्यात होडीत बसवू. हे तळे म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा हौद आहे. खलिफा हरून अल रशीदच्या काळी, सन ७८९ मध्ये, तो बांधला गेला. दगडी खांबांच्या रांगा, वर कमानी, आणि छताला चौकोनी भोके. त्या भोकांतून पोहरे सोडून लोक पाणी शेंदत असत. आता तेथे लहान होड्या असतात आणि खांबांमधून आपण आपले वल्हवत फिरायचे असते. आमच्या घरापासून बसने जेमतेम थोडेसे अंतर.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दिमोनाहून आमचे एक जुने स्नेही अचानक आले. चहा झाला, मुंबईच्या गोष्टी निघाल्या, माझगावची जुनी माणसे एकेक करून आठवू लागली. खरे सांगायचे तर उठावेसे वाटेना. मूल कधीपासून दाराशी उभे होते ते आमच्या लक्षातही आले नाही. अखेर त्याने येऊन आमची बाही ओढली, तेव्हा आम्ही म्हणालो, "आज सगूर आहे रे." सगूर म्हणजे बंद. "कोणी सांगितलं, सबा?" त्याने विचारले. "फोनवर सांगितलं," आम्ही म्हणालो. पहिले खोटे टिकावे म्हणून दुसरे आपोआपच निघाले. तो रडला नाही. खाली बसून बूट काढू लागला. बुटाची पट्टी त्याला सुटत नव्हती, पण त्याने कोणाला हाक मारली नाही.

आमच्या सौ. आतून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्या नातवाला घेऊन कढीपत्ता आणि मिरच्या आणायला रामलेच्या बाजारात निघाल्या. बस त्या तळ्याच्या फाटकावरूनच गेली. फाटक सताड उघडे होते आणि लोक मुलाबाळांना घेऊन आत जात होते. नातू खिडकीला नाक लावून म्हणाला, "आजी, सगूर नाहीये." त्यावर आज बहुतेक उघडले असेल, असे म्हणून सौ. सहज वेळ मारून नेऊ शकल्या असत्या. तसे त्या म्हणाल्या नाहीत. "त्या दिवशीही उघडं होतं. आजोबा चुकीचं बोलले," असे त्यांनी सांगितले. रात्री हे आम्हाला कळले तेव्हा त्यांनी आमची बाजू सांभाळली नाही याचे आम्हाला वाईटच वाटले. माणूस कसा असतो पाहा! खोटे आम्ही बोललो आणि राग तिच्यावर आला.

त्याच आठवड्यात मुलगी त्याला न्यायला आली. "दात घासलेस का?" असे तिने विचारताच चिरंजीव शांतपणे म्हणाले, "ब्रश सगूर आहे." मुलगी हसली. आम्ही हसलो नाही.

तालमुदाच्या सुक्का या भागात रब्बी झेरा यांचे एक मत दिलेले आहे. लहान मुलाला अमुक देईन असे सांगून मग ते न देणे योग्य नाही, कारण त्यामुळे आपणच त्याला खोटे बोलायला शिकवतो, असा त्याचा आशय आहे. ब्रशाची गोष्ट ऐकल्यावर त्यात शंका घ्यायला जागा उरली नाही. तरीपण हे कारण आम्हाला पुरेसे वाटत नाही. समजा, मूल काहीच शिकले नसते, त्याला पत्ताही लागला नसता, बस दुसऱ्या रस्त्याने गेली असती, तर आमचे वागणे चांगले ठरले असते काय?

हीच गोष्ट आम्ही त्या दिमोनाच्या स्नेह्यांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "अहो, मूल आहे. दोन दिवसांत विसरतं." हे खरेच आहे. पण सावकार उधारी विसरला म्हणून कर्ज फिटत नाही, फार तर मागणारा कोणी राहत नाही. आता हाच शब्द आम्ही त्या स्नेह्यांना दिला असता तर? तर आम्ही दहादा माफी मागितली असती, दुसरा दिवस ठरवला असता. मुलापाशी साक्षीदार नसतो, चिठ्ठी नसते, त्याला कोणापुढे गाऱ्हाणे नेता येत नाही, आणि आपल्यावाचून दुसरीकडे कोठे जाताही येत नाही. ज्याच्यापाशी वसुलीचे एकही साधन नाही, त्याचेच देणे आपण सर्वांत शेवटी ठेवतो. आपल्या घरांतला "बघू" हा शब्द घ्या. मोठ्या माणसाला तो विचार करून सांगतो या अर्थाने असतो, आणि मुलाला तो नाही या अर्थाने. येथे आल्यावर आम्ही त्याच्या जोडीला "अहर काख", म्हणजे नंतर, हा शब्द उचलला. भाषा बदलली, सवय तीच राहिली.

ही सवय आम्हाला कोठून लागली ते आम्हाला ठाऊक आहे. लहानपणी मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणि तेथून एस.टी.ने अलिबागला, इस्राएल आळीतल्या आत्याकडे जात असू. समुद्रात कुलाब्याचा किल्ला समोर दिसायचा. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येते हे आम्ही ऐकले होते. वडील रजा काढून दोन दिवसांसाठी आले की नेतो म्हणत. पहिल्या दिवशी ते झोपले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उद्या नेलं असतं रे, पण उद्या ओहोटीच नाही." आम्ही मुंबईची मुले. आम्ही ते खरे मानले आणि परत आलो. पुढे शाळेत भूगोलाच्या तासाला मास्तरांनी सांगितले की आपल्या किनाऱ्याला भरती आणि ओहोटी दिवसातून दोनदा येते. वर्गात बसल्याबसल्या आमचे कान गरम झाले. ओहोटी नाही असा दिवसच नसतो! वडील थकलेले असतील. ओहोटी भर दुपारच्या उन्हात येत असेल, किंवा अगदी पहाटे. पण एवढे ते सांगू शकले असते. किल्ला आम्ही पुढे १९७८ साली इकडे येण्यापूर्वी पाहिला. पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यातून गेलो. वडील तेव्हा हयात नव्हते.

आता कोणी म्हणेल, मग काय, मुलाशी नेहमी सर्वच खरे बोलायचे? जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली लिहिलेल्या एका निबंधात अशी कठोर भूमिका घेतली आहे की मित्राच्या जिवावर उठलेला माणूस दाराशी येऊन त्याचा पत्ता विचारू लागला तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा आपल्याला हक्क नाही. आम्हाला हे पेलणारे नाही. १९९१ च्या जानेवारीत इराकची क्षेपणास्त्रे येऊ लागली, तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती. रात्री भोंगा वाजला की आम्ही खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेल्या खोलीत शिरायचे, दाराच्या फटीशी ओले फडके लावायचे आणि तिच्या डोक्यावर तो विषारी वायूपासून बचावाचा टोप चढवायचे. ती चंद्रावर जाण्याची टोपी आहे असे आम्ही तिला सांगितले होते. रोज रात्री आपण चंद्रावर जाऊन येतो. हे खोटे आम्ही आमच्या सोयीसाठी बोललो नव्हतो, तिच्यासाठी बोललो होतो, आणि फरक एवढाच आहे असे आम्ही अनेक वर्षे धरून चाललो होतो. ब्रशाच्या त्या संध्याकाळीही आम्ही मुलीला हेच सांगू लागलो.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "पप्पा, चंद्र नाही हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं. मम्मीचे हात थरथरत होते. पण मी चंद्राचं विचारलं की तुम्ही हसायचात. म्हणून मी रोज विचारायचे."

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. पाच वर्षांच्या मुलीने आम्हाला सांभाळून घेतले होते आणि आम्ही समजत होतो की आम्हीच तिला सांभाळतो आहोत. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर पुन्हा भोंगे सुरू झाले तेव्हा ही मुलगी आपल्या लेकराला कडेवर घेऊन आसऱ्याच्या खोलीत जाताना सांगायची, "मोठा आवाज होणार आहे. मलाही भीती वाटते. दार पक्कं आहे." त्या वेळी आम्हाला ते कडक वाटले होते. एवढ्याशा मुलाला आईच्या भीतीचे ओझे कशाला, असे आम्ही सौ.पाशी बोललोही होतो. ती का सांगत होती ते आता कळले. तरी तिची रीत बरोबर आणि आमची चूक, असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. त्या जानेवारीत मला भीती वाटते हे शब्द आमच्या तोंडून निघाले असते की नाही, याचीच शंका आहे.

तळ्याचे मात्र सोपे होते. नातू पुढच्या खेपेस आला तेव्हा आम्ही खाली बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी तळं उघडं होतं. सबा गप्पा मारत बसला आणि खोटं बोलला." त्याने थोडा विचार केला आणि "बेसेदेर" म्हणाला. मग लगेच, "केव्हा जायचं?" तोंडावर उद्या आले होते ते आम्ही गिळले. बसची वेळ पाहिली, सौ.ना विचारले, आणि गुरुवारी तीन वाजता असे सांगितले. त्याला वाचता येत नाही, म्हणून कागदावर होडी काढून तो फ्रिजवर लावला. गुरुवारी आमचा गुडघा बरा नव्हता.

आत गारवा होता. छताच्या भोकांतून उजेडाचे चौकोन पाण्यावर पडले होते. होडी खांबावर दोनदा आपटली. "सबा, तुला वल्हवता येतं का?" नातवाने विचारले. "नाही," आम्ही म्हणालो. "लहानपणी लाँचमध्ये बसत असे, पण वल्हं कधी धरलं नाही." त्याने आमच्याकडे पाहिले, मग दुसऱ्या वल्ह्यावर दोन्ही हात ठेवले, आणि आम्ही दोघे मिळून होडी गोल गोल फिरवत राहिलो. बाहेर पडताना त्याने विचारले, "पुन्हा येऊ या का?"

"यावंसं वाटतं," आम्ही म्हणालो. "गुडघ्याला विचारून सांगतो."

तो वाकला आणि आमच्या गुडघ्याला विचारू लागला.