ओले धान्य वर ठेवा

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केला असून तो सहीह मुस्लिममध्ये नोंदलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात असताना थांबले आणि त्यांनी आपला हात राशीच्या आत घातला. वरचे दाणे कोरडे होते. आत मात्र बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले, तेव्हा त्याने पावसाने धान्य भिजल्याचे सांगितले. त्यावर आप (स.) यांनी विचारले की, मग हे भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, अशी सक्त ताकीदही दिली.

बंधू-भगिनींनो, ही हदीस आपण बहुधा व्यापाराच्या संदर्भात ऐकतो. परंतु तिच्यात दोन मोठे धडे दडलेले आहेत. पहिला हा की, प्रेषितांनी (स.) वरचा थर पाहून निर्णय दिला नाही, हात आत घालून पाहिले. दुसरा हा की, पाऊस पडला याबद्दल विक्रेत्याला दोष दिला गेला नाही. पाऊस त्याच्या हाती नव्हता. भिजलेले झाकणे मात्र त्याच्या हाती होते, आणि जाब त्याचाच विचारला गेला.

आज हे दोन्ही धडे आपल्याला पाण्याला लावून पाहायचे आहेत.

पवित्र कुरआनने आकाशातून उतरणाऱ्या पाण्याला ‘तहूर’ म्हटले आहे (सूरह अल-फुरकान : ४८). तहूर म्हणजे जे स्वतः पाक आहे आणि इतरांनाही पाक करते. ही अल्लाहची केवढी मोठी कृपा! परंतु देणगी जितकी मोठी, तितकी तिची अमानतही मोठी. आकाशातून निर्मळ उतरलेल्या पाण्याचे जमिनीवर आपण काय करतो, याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.

अमेरिकेतील शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले आहे. नावाने ते सरोवर. पण त्याचा पैलतीर नजरेस पडत नाही. लाटा उसळतात, वाळूचे लांबच लांब किनारे आहेत, आणि पाणी मात्र गोडे. उन्हाळ्यात हजारो कुटुंबे मुलाबाळांसह तेथे पोहायला उतरतात. सकाळच्या उन्हात ते निळे पाणी पाहून त्यात काही वावगे असेल अशी शंकाही कोणाला येणार नाही. पण आपल्या मराठीत म्हटलेच आहे, दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. पंचमहासरोवरांच्या काठच्या अनेक जुन्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून वाहते. मुसळधार पाऊस झाला की हे नळ तुंबतात आणि मैलमिश्रित पाणी थेट नदीत किंवा सरोवरात उतरते. शिवाय किनाऱ्यावर बसणारे पाणपक्षी, कुत्री आणि स्वतः पोहणारी माणसे यांच्यामुळेही पाणी दूषित होते. पाण्याचा रंग तोच राहतो, वासही येत नाही.

म्हणून तेथे दररोज सकाळी कोणीतरी राशीत हात घालते. किनाऱ्यावर नेमलेली व्यक्ती गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात चालत जाते. निर्जंतुक केलेली बाटली उपडी धरून पृष्ठभागाखाली सुमारे एक फूट नेते आणि तेथे भरून घेते, म्हणजे वरचा तवंग बाटलीत येत नाही. बाटली बर्फात ठेवून काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवली जाते. एका प्रचलित पद्धतीत ते पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळतात. पडद्यावर अडकलेल्या जीवाणूंना पोषक द्रव्य देऊन प्रथम दोन तास ३५ अंश आणि मग सुमारे २२ तास ४४.५ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात. दुसऱ्या दिवशी पडद्यावर लालसर-जांभळे ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे पाण्यातील एकेका जीवाणूची वाढलेली वसाहत. ते ठिपके मोजले जातात.

ज्याची ही मोजणी होते त्याचे नाव ई. कोलाय. १८८५ साली थिओडोर एशेरिश या वैद्याने बालकांच्या विष्ठेत तो प्रथम शोधला. माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात तो राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. मग त्याला का मोजायचे? कारण तो साक्षीदार आहे. तो पाण्यात सापडला, याचा अर्थ तेथे विष्ठा पोहोचली आहे. आणि विष्ठेबरोबर अतिसाराचे, हगवणीचे, काविळीचे जंतूही आलेले असू शकतात. त्या प्रत्येकाला शोधणे कठीण, म्हणून या एकाची साक्ष घेतली जाते.

ही साक्ष विश्वासार्ह आहे काय, याचीही शहानिशा झाली. खबर आली तर तिची पडताळणी करा, ही शिकवण सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आपल्याला मिळालेली आहेच. १९७९ ते १९८२ या काळात ईरी सरोवराच्या आणि ओक्लाहोमातील कीस्टोन सरोवराच्या किनाऱ्यांवर संशोधकांनी पोहणाऱ्या व न पोहणाऱ्या लोकांची विचारपूस केली, काही दिवसांनी पुन्हा त्यांच्याशी संपर्क साधून कोण आजारी पडले ते नोंदवले, आणि त्या त्या दिवसाच्या पाण्यातील जीवाणूंशी ते ताडून पाहिले. गोड्या पाण्यात ई. कोलायचे प्रमाण वाढते तसे पोहणाऱ्यांचे पोटाचे आजार वाढतात, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच पायावर पुढे मर्यादा ठरल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ साली शिफारस केलेली एक मर्यादा अशी : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलायची भूमितीय सरासरी १२६ पेक्षा अधिक नसावी, आणि दहा टक्क्यांहून अधिक नमुने ४१० च्या वर जाऊ नयेत.

येथे आपल्या मनात एक प्रश्न उभा राहील. शरीअतनुसार एवढे अफाट पाणी नापाक कसे होईल? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या कोकणात शाफई मजहबचे अनुसरण होते. त्यानुसार दोन कुल्ले, म्हणजे ढोबळमानाने दोनशे लिटर किंवा अधिक पाण्यात नजासत पडली तरी रंग, चव किंवा वास बदलल्याशिवाय ते नापाक ठरत नाही. देशावर हनफी मजहब प्रचलित आहे. त्यात दहा हात लांब व दहा हात रुंद हौदाचे पाणी वाहत्या पाण्यासारखे मानले जाते. दोन्ही कसोट्यांवर मिशिगन सरोवर पाक आहे. त्याच्या काठी बसून केलेला वुजू निःसंशय होईल. केवळ शंकेने निश्चित गोष्ट ढळत नाही, हा फिक्हचा नियम येथे लागू होतो.

परंतु ‘हे पाणी पाक आहे काय?’ हा एक प्रश्न, आणि ‘हे पाणी माझ्या मुलाला अपाय करील काय?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे ही मोठी गल्लत आहे. आपल्या फुकहांनी ही गल्लत केली नव्हती. उन्हात तापलेल्या पाण्याचा मसला शाफई मदरशांत आजही शिकवला जातो. ते पाणी पाक आहे, यात दुमत नाही. तरीही इमाम शाफई (रह.) यांनी वैद्यकीय कारणाने ते नापसंत केले. त्या पाण्याने कोड उठतो, अशी त्या काळची समजूत होती. पुढे त्याच मजहबचे थोर इमाम नववी (रह.) यांनी ती नापसंती पुराव्याअभावी मान्य केली नाही. मसल्याचा निकाल काही असो, त्यातील शिस्त लक्षात घ्या : पाक पाणीसुद्धा अपायाच्या कारणाने टाळावे असे म्हणता येते, आणि अपाय आहे की नाही हे वैद्यकाच्या ज्ञानावरून ठरते. रंग, चव आणि वास या तिन्ही कसोट्या आपल्या इंद्रियांच्या आहेत. जंतूला ना रंग, ना चव, ना वास. तेथे साक्ष प्रयोगशाळेचीच घ्यावी लागेल.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. पाणी बिघडवतो कोण? १९९१ च्या उन्हाळ्यात ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराजवळच्या एका सरोवरात पोहणाऱ्यांमध्ये साथ पसरली. २१ मुलांना ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने रक्ताची हगवण लागली, तर ३८ जणांना शिगेला या जंतूची बाधा झाली. त्यांतही बहुसंख्य मुलेच होती. पोहताना पाणी पोटात गेल्याने ही बाधा झाली, आणि तपास करणाऱ्यांच्या निष्कर्षानुसार पाणी पोहणाऱ्यांनीच दूषित केले होते. कोणता कारखाना नाही, फुटलेली गटारवाहिनी नाही. माणसांनीच पाणी घाण केले आणि माणसांच्याच मुलांनी ते गिळले.

हे वाचून सहीह बुखारी व मुस्लिममधील ती हदीस आठवल्यावाचून राहत नाही, जिच्यात प्रेषितांनी (स.) साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यात लघवी करून मग त्यातच स्नान करण्यास मनाई केली. सुनन अबू दाऊदमधील हदीसमध्ये तर पाणवठ्यावर, रस्त्यावर आणि सावलीच्या जागी शौच करणे ही शापास कारण होणारी कृत्ये सांगितली आहेत. सूक्ष्मदर्शक यंत्र येण्याच्या हजार वर्षे आधी ही शिकवण दिली गेली. ती पाळायला प्रयोगशाळेची गरज नाही, लाज आणि ईशभय पुरे आहे.

बंधू-भगिनींनो, या परीक्षणाच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. ठिपके उमटायला एक दिवस लागतो. म्हणजे आज फलकावर लिहिलेला आकडा कालच्या पाण्याचा असतो. सूर्यप्रकाशाने जीवाणू मरतात, त्यामुळे एकाच किनाऱ्याचा सकाळचा आकडा दुपारपर्यंत निम्म्याहून खाली येऊ शकतो. उलट रात्री पाऊस झाला तर कालचे स्वच्छ पाणी आज घाण असेल. म्हणूनच शिकागोमध्ये २०१७ पासून सर्व किनाऱ्यांवर जीवाणूंच्या डीएनएवरून काही तासांत निष्कर्ष देणारी पद्धत वापरली जाऊ लागली. आणि वर सांगितलेली १२६ ची मर्यादा म्हणजे शून्य धोका नव्हे. त्या पातळीवरही पोहणाऱ्या दर हजारांमागे सुमारे ३६ जणांना पोटाचा आजार होईल, असा हिशेब तिच्यामागे आहे. फलक आपल्याला हमी देत नाही. तो माणसाच्या तुटपुंज्या ज्ञानाने दिलेली प्रामाणिक साक्ष देतो. परिपूर्ण ज्ञान केवळ अल्लाहपाशी आहे.

मग अशा अपुऱ्या साक्षीचे काय करायचे? जो जाणतो त्याने ती लपवू नये. साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी असते, असा इशारा सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत आहे. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्याने समुद्रकिनाऱ्यांच्या व पंचमहासरोवरांच्या पाण्याची तपासणी आणि मर्यादा ओलांडली गेल्यास लोकांना सूचना देण्याची व्यवस्था घालून दिली. किनारा बंद करावा लागला की दुकानदारांचा धंदा बुडतो, सुट्टीवर आलेले नाराज होतात, शहराची अब्रू जाते. तरी फलक लावावा लागतो. ओले धान्य वर ठेवणे ते हेच.

आणि ज्याला सांगितले गेले त्याने ते मानावे. ‘जे नशिबात असेल ते होईल’ असे म्हणून लाल फलकासमोरून मुलाला पाण्यात सोडणे हा तवक्कुल नव्हे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना तेथे साथ पसरल्याची खबर आली, तेव्हा सल्लामसलत करून ते मागे फिरले. अल्लाहच्या निर्णयापासून पळता काय, असे विचारले गेले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असा खुलासा त्यांनी केला. खबर मिळणे हेही तकदीरच होते.

आपल्याकडे वळू या. मे महिन्याच्या सुट्टीत आपली मुले गावी जातात. नदीच्या डोहात, धरणाच्या पाण्यात, तळ्यात दिवसभर डुंबतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानाच्या पाण्यात मैलजन्य कोलिफॉर्म जीवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असणे इष्ट, आणि २५०० ही कमाल मर्यादा आहे. आपल्या राज्यातील नद्यांचे नमुनेही नियमित तपासले जातात. पण आपल्या गावच्या घाटावर तो आकडा कोणी लिहिला आहे काय? आपण कधी ग्रामसभेत तो मागितला आहे काय? मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा लिहिणाऱ्या हातांनी ‘पाऊस झाला आहे, दोन दिवस नदीत पोहू नका’ एवढी ओळ लिहिली, तर तीही इबादतच ठरेल, इन्शाअल्लाह.

घरापुरते प्रत्येकाला करता येईल असे थोडे आहे. जोरदार पावसानंतर दोन दिवस मुलांना वाहत्या वा साचलेल्या उघड्या पाण्यात उतरू देऊ नये. ज्याला जुलाब लागले आहेत त्याने पाण्यात जाऊ नये. त्याच्यामुळे इतरांचे हक्क बुडतात. पाण्यात उतरण्यापूर्वी मुलांना शौचाला पाठवावे आणि पोहताना पाणी गिळू नये, हे शिकवावे. अशा काठावर वुजू करताना गुळणीसाठी जवळ नळाचे पाणी असेल तर ते वापरावे. जे शंकेत टाकते ते सोडून जे शंकेत टाकत नाही ते घ्यावे, ही हजरत हसन (रजि.) यांनी कथन केलेली प्रेषितवाणी येथे पुरेशी मार्गदर्शक आहे.

आणि एक शेवटचे. राशीत हात घालण्याची ही सवय केवळ पाण्यापुरती ठेवू नका. आपली अंतःकरणेही वरून कोरडी, स्वच्छ दिसतात. आत किती ओल आहे, हे अल्लाहला ठाऊक आहे. ज्या दिवशी सर्व झाकलेले उघड होईल, त्या दिवसाच्या आधी आपणच आपला हात आत घालून पाहावा.

हे अल्लाह, तू आकाशातून पाक उतरवलेले पाणी पाक राखण्याची आम्हाला बुद्धी दे. आम्हाला कळलेले सत्य न लपवण्याचे धैर्य दे, आणि सांगितले गेलेले सत्य मानण्याची नम्रता दे. आमच्या मुलाबाळांना तुझ्या संरक्षणात ठेव. आमीन.