कर्ज विकले गेले. जबाबदारी कोठे गेली?

अलीकडे अनेक घरांत एक अनोळखी नोटीस येऊ लागली आहे. कर्ज ज्या बँकेकडून घेतले, तिचे नाव त्या नोटिशीवर नसते. तेथे असते एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीचे नाव. नोटिशीत म्हटलेले असते की, आपले थकीत कर्ज बँकेने आम्हांस विकले असून यापुढे ती रक्कम आम्हांस देणे आहे. अन्यथा गहाण मालमत्ता ताब्यात घेतली जाईल. ज्यांच्याशी आपण कधी बोललो नाही, ज्यांच्या कागदावर कधी सही केली नाही, ते लोक आता आपल्या घराच्या दारात उभे असतात.

प्रश्न कायद्याचा आहे, पण केवळ कायद्याचा नाही. श्रद्धावंतासमोर त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो : कर्जाचा मालक बदलला, वर्षे उलटली, तर माझ्या मानेवरील हक्क उतरतो काय?

एक उदाहरण कल्पून पाहू. भिवंडीतील एका यंत्रमागधारकाने २०१२ साली राहते घर गहाण ठेवून दहा लाख रुपये घेतले. चार वर्षे हप्ते नियमित भरले. २०१६ च्या नोटाबंदीनंतर धंदा बसला आणि हप्ते थकले. मुद्दलापैकी सहा लाख बाकी राहिले. बँकेने खाते बुडीत गणले व पुढे ते एका कंपनीला विकले. मधल्या काळात कर्जदाराचा इंतकाल झाला. आता मुलाच्या हाती चौदा लाखांची नोटीस आहे. घरात तीन मते पडतात. थोरला म्हणतो, ''कंपनीने हे कर्ज पाण्याच्या भावात घेतले. आपण पूर्ण का द्यावे?'' मधला म्हणतो, ''इतके जुने कर्ज आता मुदतबाह्य झाले असेल.'' धाकटा म्हणतो, ''व्याजाचा व्यवहारच हराम. मग त्याची फेड कसली?'' ही तिन्ही मते आपल्या समाजात ऐकू येतात. तिन्हींचा विचार शांतपणे झाला पाहिजे, कारण येथे घर जितके पणाला लागले आहे, तितकीच कबरीत गेलेल्या पित्याची सुटकाही.

विक्रीची किंमत आणि आपले देणे

थकीत कर्ज त्रयस्थाला कमी रोख रकमेत विकणे हा व्यवहार बहुसंख्य फुकहांनी संमत मानलेला नाही. रकमेच्या बदल्यात कमी-अधिक रक्कम आली की त्यात रिबाचा अंश येतो, ही त्यांची भूमिका. म्हणजे बँक व कंपनी यांच्यातील सौद्याला आपण इस्लामी म्हणू शकत नाही. पण त्या सौद्यातील दोष हा ऋणकोचा लाभ कसा ठरेल? विकणाऱ्याने नुकसान सोसले असेल, तर ते त्याने कंपनीसाठी सोसले. आपल्याला माफी दिलेली नाही. वाण्याने आपली थकबाकी तोट्यात दुसऱ्याकडे वळती केली, म्हणून आपण खाल्लेले धान्य फुकटचे ठरत नाही. शिवाय बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा पैसा. त्यात आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा वाटा असतो.

२००२ च्या सरफेसी कायद्यानुसार अशी कंपनी बँकेच्या जागी येते. बँकेचे जे हक्क होते तेच तिला मिळतात. उलट बाजूने, बँकेसमोर आपले जे आक्षेप होते, तेही कंपनीसमोर कायम राहतात. कोणी विचारील, सौदाच शरीअतला मान्य नसेल तर कंपनीला पैसे देऊन जबाबदारी उतरते काय? याचे उत्तर असे देता येते : मूळ धनकोनेच लेखी कळवून वसुलीचा अधिकार ज्याला दिला, त्याला दिलेली रक्कम ही धनकोच्या संमतीनेच दिलेली असते. सौद्याचा दोष सौदा करणाऱ्यांवर राहतो, फेडणाऱ्यावर नाही. विशिष्ट प्रकरणी मुफ्ती साहेबांचा सल्ला घ्यावाच. परंतु ''सौदा चुकीचा, म्हणून मी मोकळा'' हा निष्कर्ष मात्र कोठूनही निघत नाही.

मुदत संपते, हक्क संपत नाही

भारतातील १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत, तर गहाणखताने सुरक्षित रकमेचा दावा बारा वर्षांत दाखल करावा लागतो. ही मुदत टळली की न्यायालयाचे दार बंद होते. परंतु देणे नष्ट होते काय? १९५७ साली 'बॉम्बे डाइंग' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुदतीमुळे वसुलीचा उपाय थांबतो, ऋण विझत नाही. म्हणूनच १८७२ च्या करार कायद्यात मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन ग्राह्य धरले आहे.

इस्लामी कायद्याच्या परंपरेतही हाच विवेक आढळतो. उस्मानी राजवटीत एकोणिसाव्या शतकात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' ही संहिता तयार झाली. तिच्यानुसार पंधरा वर्षे उलटलेल्या कर्जाचा दावा काजीने ऐकू नये; पण त्याच संहितेचे १६७४ वे कलम सांगते की, केवळ काळ लोटल्याने हक्क नाहीसा होत नाही. प्रतिवादीने काजीसमोर देणे कबूल केले, तर जुनेपणाची सबब चालत नाही.

काजीला मुदत लागते, कारण साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, स्मृती पुसट होते. सर्वज्ञ अल्लाहच्या न्यायालयात यांपैकी कशाचीच अडचण नाही. म्हणून मुदतीचा बचाव खोट्या, फुगवलेल्या किंवा सिद्ध न होणाऱ्या मागणीविरुद्ध ढाल म्हणून जरूर वापरावा. मात्र जी रक्कम आपण घेतली आणि परत केली नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, तिच्यासाठी ही ढाल फक्त या जगापुरती आहे.

मुद्दल आणि व्याज

धाकट्याच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. व्याज घेणे-देणे हे महापाप आहे आणि व्याजी कर्ज घेतल्याबद्दल तौबा आवश्यक आहे. पण ज्या आयतींत व्याजखोरीविरुद्ध अल्लाह व प्रेषितांकडून युद्धाचा इशारा दिला आहे, तेथेच मुद्दल हा धनकोचा हक्क असल्याचे मान्य केले आहे आणि कोणी कोणावर जुलूम करू नये, हे तत्त्व घालून दिले आहे (सूरह अल्-बकरा, आयत २७८-२७९). व्याज हराम आहे म्हणून मुद्दल हलाल होत नाही.

येथून मार्ग दिसतो. सहा लाख हे ईमानाने देणे आहे. त्यावरील आठ लाख कायद्याच्या सक्तीने मागितले जात आहेत. ते कमी करून घेण्याचा प्रयत्न करणे गैर नाही, उलट इष्ट आहे. तडजोडीचा आदर्शही आपल्यापुढे आहे. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी मस्जिदीत आपल्या ऋणकोकडे पैसे मागितले आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषित मुहम्मद (स.) बाहेर आले. त्यांनी कअब यांना निम्मे सोडून देण्याची खूण केली. कअब यांनी ते तात्काळ मान्य केले. मग प्रेषितांनी ऋणकोस सांगितले की, ऊठ आणि उरलेले चुकते कर (बुखारी). या घटनेचे दोन भाग आहेत, आणि आपण बहुधा पहिलाच लक्षात ठेवतो. सवलत मिळाल्यावर लगेच उठून फेडणे हा दुसरा भाग.

धनकोने समजून-उमजून सोडलेली रक्कम खरोखरच माफ होते. परंतु दागिने लपवून, दुकान मेहुण्याच्या नावे करून आणि हलाखीचे सोंग आणून मिळवलेली माफी ही माफी नव्हे. ऐपत असताना टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी बजावले आहे (बुखारी, मुस्लिम).

धनकोच्याही मर्यादा

ऋणकोला इतके सांगितल्यावर धनकोकडे वळणे न्याय्य ठरेल. ऋणको खरोखर अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत सवलत द्यावी आणि माफ करणे अधिक उत्तम, ही कुरआनची शिकवण आहे (अल्-बकरा, २८०). एकदा एका धनकोने स्वतः प्रेषितांशी कठोर भाषा केली. सहाबा (रजि.) संतापले, पण प्रेषितांनी त्यांना आवरले, हक्कदाराला बोलण्याचा अधिकार असतो हे समजावले आणि त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट देवविला (बुखारी). मात्र मागणीचा हक्क म्हणजे अब्रू घेण्याचा हक्क नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही; धमकावणे आणि नातेवाइकांत बदनामी करणे निषिद्ध आहे. आपल्यातील जे तरुण वसुलीच्या नोकरीत आहेत, त्यांनीही हे लक्षात ठेवावे. वरिष्ठांच्या हुकमाने कोणाच्या आईला शिवी देता येत नाही.

गहाणाविषयीही शरीअतचा दंडक स्पष्ट आहे. प्रेषितांचे चिलखत त्यांच्या निधनसमयी जवाच्या मोबदल्यात एका यहुदी व्यक्तीकडे गहाण होते (बुखारी). म्हणजे तारण देण्यात कमीपणा नाही. पण गहाण वस्तू धनकोने गिळंकृत करू नये. तिच्यातून देणे वसूल व्हावे, अधिक उरेल ते मालकाचे. सरफेसी कायद्यातही विक्रीनंतर देणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम हक्कदाराला परत करण्याची तरतूद आहे. ती मागण्यास संकोच नको.

प्रत्यक्षात काय करावे?

कुरआनची सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे (अल्-बकरा, २८२), यातच बोध आहे. नोटीस फाडू नये आणि घाबरून सहीही करू नये. थकबाकीच्या लेखी कबुलीने वा हप्ता भरण्याने मुदत नव्याने सुरू होऊ शकते, म्हणून जेवढे खरे देणे तेवढेच वकिलाच्या सल्ल्याने मान्य करावे. कर्ज हस्तांतरित झाल्याचा कागद आणि मुद्दल, व्याज, दंड व खर्च वेगवेगळे दाखवणारा खातेउतारा मागावा. सरफेसीची पहिली नोटीस साठ दिवसांची असते. त्या काळात लेखी आक्षेप घेतल्यास कंपनीला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढे ताब्याची कारवाई झालीच, तर ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते. तडजोड लेखी असावी, पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि 'देणे नाही' असा दाखला घ्यावा. संपूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे विलंबाची चूक धनकोची असेल, तर दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

वारस आणि समाज

मयताचे कर्ज फिटल्यावरच वारसांचे हिस्से पडतात (सूरह अन्-निसा, आयत ११-१२). तेव्हा त्या तीन भावांनी घर वाटून घेण्याआधी पित्याचे देणे पाहिले पाहिजे. मालमत्तेबाहेरचे कर्ज स्वतःच्या खिशातून फेडण्याचे बंधन शरीअतने वा कायद्याने त्यांच्यावर घातलेले नाही. पण पुत्राचे प्रेम बंधनापाशी थांबत नाही. तीन दीनार कर्ज मागे ठेवून, फेडीसाठी काहीही न सोडता गेलेल्या एका व्यक्तीची जनाजा नमाज पढविण्यास प्रेषित पुढे झाले नाहीत. तुम्हीच आपल्या साथीदाराची नमाज अदा करा, असे त्यांनी लोकांना सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी नमाज पढविली (बुखारी). अबू कतादा मयताचे वारस म्हणून नव्हे, साथीदार म्हणून पुढे आले होते.

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे (सूरह अत्-तौबा, आयत ६०). रमजानमध्ये आपण धान्याच्या थैल्या वाटतो, ते चांगलेच आहे. परंतु मोहल्ल्यातील एखादे प्रामाणिक कुटुंब घर गमावण्याच्या बेतात असेल, तर त्याच्या मुद्दलाची फेड हीदेखील जकातीची योग्य जागा आहे. प्रत्येक जमाअतीने वर्षातून एका कुटुंबाचे जरी कागद सोडवून दिले, तरी अबू कतादांची सुन्नत जिवंत राहील.

धनको बदलतात, कंपन्यांची नावे बदलतात, कायद्याच्या मुदती संपतात. न बदलणारी गोष्ट एकच : घेतलेले परत करावयाचे आहे, आणि ते सन्मानाने परत करता यावे यासाठी ऋणकोला वेळ व साथ मिळाली पाहिजे. अल्लाह आपणां सर्वांना कर्जाच्या ओझ्यापासून व व्याजाच्या विळख्यापासून सुरक्षित ठेवो, आणि आपल्या मयतांच्या मानेवरील हक्क फेडण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.