आजारी पिल्लू आणि रिकामा खिसा



मळ्यावर किंवा वस्तीवर राहणाऱ्या आपल्या बहुतेक घरांत कुत्रे असतेच. पोरे कुठूनतरी पिल्लू उचलून आणतात, दूध-भाकरी घालतात, नाव ठेवतात. मग एके दिवशी ते खायचे बंद होते, ओकू लागते, रक्ताची हगवण सुरू होते. डॉक्टर 'पार्व्हो' म्हणतात आणि चार-पाच दिवस सलाईन लागेल असे सांगतात. नेमकी महिनाअखेर असते, किराण्याची उधारी असते, आजीच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या असतात. अशा वेळी आपण काय करावे? पिल्लावर पैसे घालणे हे प्रेम की चैन?

ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१८) या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण वेदना देणे माणसाला शोभत नाही. आणि माणसांच्या दुःखनिवारणाला जो पैसा आधी लागावा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. आपण बहुधा यातील सोयीचे अर्धे तेवढे लक्षात ठेवतो.

'माणसाला औषध मिळेना, कुत्र्याचे काय घेऊन बसलात?' असे आपण ऐकतो. बोलणे खोटे नाही. पण पिल्लावर न घातलेला पैसा खरोखर माणसाच्या औषधाकडे गेला, तरच ते खरे ठरते. तो मोबाईलच्या रिचार्जमध्ये नि वाढदिवसाच्या केकमध्ये गेला, तर आपण गरिबाचे नाव पुढे करून आपला कंटाळा झाकला, एवढेच. याउलट, पिल्लासाठी बचत गटाचे कर्ज काढून हप्ते थकवणे हीदेखील दया नव्हे. ती दुसऱ्या बायांच्या घामाच्या पैशावर केलेली दया झाली.

म्हणून दोन कर्तव्ये वेगळी करून पाहू. जीव वाचवणे ऐपतीवर अवलंबून असते. जीव टाकून न देणे ऐपतीवर अवलंबून नसते.

ऐपत कमी असली तरी पुष्कळ करता येते. पार्व्होच्या विषाणूवर हमखास औषध नाही. अंगातले पाणी कमी होऊन आणि दुसरे जंतू रक्तात शिरून पिल्लू दगावते. सलाईन, ओकारी थांबवणारे औषध आणि अँटिबायोटिक यांमुळे शरीराला लढायला वेळ मिळतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे सलाईन शिरेतून दिल्यावर २० कुत्र्यांना दवाखान्यात भरती ठेवून, तर २० जणांना भरतीविना, कातडीखाली सलाईन देऊन स्वस्तातले उपचार केले. पहिल्या गटात १८ वाचले, दुसऱ्यात १६. म्हणजे 'सगळे करा नाहीतर काहीच नको' हा विचार चुकीचा आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा आणि न लाजता विचारावे, 'डॉक्टर, माझ्याजवळ एवढेच आहेत, यात काय होईल?' एक दिवसही थांबू नये.

घरी पिल्लाला उबेत व स्वच्छ ठेवावे, ओकत असताना बळेच भरवू नये, माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. हा रोग माणसाला होत नाही. पण विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. जागा आधी धुऊन मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी या मिश्रणाने पुसावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दिलेली लस.

एवढे करूनही पिल्लू तडफडत राहिले, तर डॉक्टरांना वेदनारहित मरणाविषयी विचारण्यात पाप नाही. मात्र पोत्यात घालून पाटाच्या कडेला सोडून येणे हे पाप आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपाशी-तहानलेले तडफडण्यासाठी वाऱ्यावर सोडणे हा गुन्हाही आहे.

नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात सज्जनाची पारख त्याच्या जनावराकडे पाहून केली आहे. आपल्याच जिल्ह्यात, नेवासे येथे, १२९० साली ज्ञानेश्वरांनी पसायदानात मैत्री मागितली ती सगळ्या जीवांची. संत थॉमस अक्विनस यांनी इशारा दिला आहे की, जनावराशी निर्दय वागणाऱ्याला माणसाशीही निर्दय वागण्याची सवय लागते. याची उलट बाजूही खरी असावी, असे आम्हाला वाटते.

आपली लेकरे हे सारे पाहत असतात. आपण किती पैसे घातले ते त्यांच्या लक्षात राहणार नाही. पैसे नव्हते तेव्हा आपण रात्री उठून पिल्लाजवळ बसलो की दार लावून घेतले, हे मात्र राहील. उद्या आपण अंथरुणाला खिळू, तेव्हाही घरात पैसा कमीच असेल. कमी पैशात कसे सांभाळायचे, हे लेकरांना तेव्हा ठाऊक असले पाहिजे.