‘पटत नसेल तर सोडा’ या सल्ल्याविरुद्ध

माझे एक जुने स्नेही आहेत. त्यांची सगळी हयात सॉफ्टवेअरच्या धंद्यात गेली आणि त्या विषयातला त्यांचा अधिकार मी मानतो. गेल्या वर्षी एका चर्चेत त्यांनी एक विधान केले आणि पुढे लेख लिहून ते आणखी पक्के केले. फोन, ॲप, अपडेट यांबद्दल माणसे दिवसभर जी मते देत असतात त्यांना काडीची किंमत नाही, असे त्यांचे म्हणणे. लोकांना आतले काही कळत नसते. जुने बटण हलले की त्यांना राग येतो आणि चार दिवसांत तो राग ते विसरतात. बाजारात पर्याय आहेत. ज्याला पटत नाही त्याने सोडावे, आणि जो सोडत नाही त्याला पटलेच आहे असे धरून चालावे.

हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर मी वाद घातला नसता. पण आज ते सर्वमान्य झाले आहे. कंपन्यांचे प्रवक्ते तेच सांगतात, तंत्रज्ञानावर लिहिणारे बरेच पत्रकार तेच गृहीत धरतात, आणि घरातला इंजिनीअर मुलगाही आईला तेच ऐकवतो. म्हणून त्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

लोकांना कळत नाही, हा पहिला भाग आधी घेऊ. ‘अपडेट मारलं आणि फोन स्लो झाला’ हे वाक्य आपण लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वर्षानुवर्षे ऐकत आलो. जाणकार त्यावर मान हलवायचे. हा भ्रम आहे, नवा फोन घ्यायचे मनात असले की जुना मंद वाटू लागतो, असे ते समजावून सांगायचे. डिसेंबर २०१७ मध्ये आयफोन वापरणाऱ्या एकाने आपली नोंद जाहीर केली: बॅटरी बदलताच जुना फोन पुन्हा वेगाने चालू लागला. फोनचा वेग मोजणारे गीकबेंच ज्यांनी तयार केले त्या जॉन पूल यांनी आपल्याकडची हजारो मोजमापे तपासली आणि ठरावीक सॉफ्टवेअर आवृत्तीनंतर जुन्या फोनांचा वेग खाली येत असल्याचे आलेखात दाखवून दिले. मग ॲपलने मान्य केले की जीर्ण बॅटरीचे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. तांत्रिकदृष्ट्या ते कारण खोटे नव्हते. पण ज्याच्या खिशात तो फोन होता त्याला कोणी सांगितले नव्हते की हजारोंचा नवा फोन घेण्याऐवजी बॅटरी बदलून भागेल. कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला, आणि अमेरिकेतल्या खटल्यात पन्नास कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड झाली.

या प्रकरणात बरोबर कोण होते? पंगतीतला माणूस. त्याला प्रोसेसर कसा चालतो हे ठाऊक नव्हते, पण रोज तीच वस्तू हाताळणाऱ्याला तिच्यातला बदल कळतो, आणि ते कळणे हेही ज्ञानच आहे. त्याची तक्रार हा पुरावा होता. तो गोळा करून मोजणारा कोणी भेटेपर्यंत त्याला भ्रम म्हटले गेले.

लोक चुकतातही, आणि भयंकर चुकतात. ५जीमुळे करोना पसरतो असे समजून २०२० मध्ये ब्रिटनमध्ये माणसांनी मोबाइलचे टॉवर जाळले. तेव्हा प्रत्येक मत खरे मानावे असे मी म्हणत नाही. मात्र कारण चुकीचे सांगणारा माणूसही त्रास खरा सांगत असू शकतो. फोन मंद झाला हे त्याचे निरीक्षण. का झाला हा त्याचा तर्क. तर्क फेटाळताना निरीक्षणही केराच्या टोपलीत जाते, ही जाणकारांची जुनी खोड आहे.

आता दुसरा भाग, ‘सोडा’. इथे मला अल्बर्ट हर्शमन यांच्याकडे जावे लागते, आणि थोडे थांबावेही लागते. हा अर्थशास्त्रज्ञ आपल्याकडे पुरेसा वाचला गेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९१५ मध्ये बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्म. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली अठरा वर्षांच्या हर्शमनने जर्मनी सोडली. पुढे तो स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेला. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर मार्सेयमध्ये व्हेरियन फ्राय या अमेरिकन माणसाचा सहकारी म्हणून त्याने लेखक-कलावंतांना नाझींच्या तावडीतून बाहेर काढण्याचे काम केले, आणि शेवटी स्वतःही पिरेनीज ओलांडून निसटला. सोडून जाणे म्हणजे काय आणि त्याची किंमत मागे राहणाऱ्यांना कशी मोजावी लागते, हे त्याला पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

१९७० मध्ये त्याचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेसे पुस्तक आले. त्याचे बीज नायजेरियाच्या रेल्वेत आहे. उत्तर नायजेरियातला भुईमूग बंदरांपर्यंत नेण्याचा पल्ला सुमारे आठशे मैलांचा. इतक्या लांबच्या मालवाहतुकीत रेल्वेने ट्रकला सहज हरवायला हवे होते. तरी माल ट्रककडे जात राहिला आणि रेल्वे सुधारली नाही. स्पर्धेने कारभार सुधारतो हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. इथे तो उलटा पडला. हर्शमनने कारण शोधले. गिऱ्हाईक गेल्याचा तोटा सरकारी तिजोरी भरून काढत होती, त्यामुळे रेल्वेला तो बोचत नव्हता. आणि ज्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला हलवले असते, ते ट्रकची सोय झाल्यामुळे गुपचूप निघून गेले होते. पर्याय उपलब्ध झाला म्हणून रेल्वेची सुधारणा अडली.

यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. संस्था बिघडू लागली की सर्वांत आधी तिला सोडतात ते सर्वांत चोखंदळ लोक. म्हणजे ज्यांच्या बोलण्याला वजन होते, नेमके तेच. हे समजायला आपल्याला नायजेरियात जायची गरज नाही. पालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या मराठी शाळांचे काय झाले ते आठवा. शिकलेल्या मध्यमवर्गाने आपली मुले काढून घेतली आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन जाब विचारणारे पालक त्यांच्याबरोबर गेले. एसटीचेही तेच. स्वतःची गाडी घेतलेला माणूस फाटक्या सीटबद्दल आगारप्रमुखाला पत्र लिहीत नाही.

माझ्या स्नेह्यांशी माझे भांडण इथे आहे. त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती दिसत नाहीत, कारण त्यांनी त्या अडवल्या आहेत. फोनमध्ये आधीपासून भरून आलेली नको ती ॲप त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकली. सेटिंग्जमध्ये कुठे काय बंद करायचे ते त्यांना पाठ आहे. म्हणजे ते केव्हाच सोडून गेले आहेत. जे इंटरनेट आपले बहुतेक लोक पाहतात ते त्यांना दिसतच नाही. आठ-दहा हजारांच्या फोनवर लॉकस्क्रीन उघडताना जाहिरात येते, गॅलरीत फोटो शोधताना सूचना आदळते, स्टोरेज फुल झाले म्हणून नातवाचे व्हिडिओ पुसावे लागतात आणि न मागितलेली ॲप मात्र पुसता येत नाहीत. हे सोसणारी बाई मोलकरीण असेल, भाजीवाली असेल, निवृत्त शिक्षिका असेल. तिच्या बाजूने नेमके काय बिघडले आहे ते सांगू शकणारा माणूस स्वतःपुरती वाट काढून मोकळा झाला, आणि वर तोच तिला म्हणतो की तुझ्या मताला किंमत नाही. तंत्रज्ञ मंडळींच्या या खाजगी सुटकेने सर्वसामान्यांचा आवाज लंगडा केला आहे, आणि त्याबद्दल त्यांना जबाबदार धरले पाहिजे.

बोलणाऱ्यांनी काय साधले तेही त्यांनी पाहावे. २०१५ मध्ये इंटरनेटवरच्या सेवांना वेगवेगळे दर लावू द्यावेत का, असा प्रश्न ट्राय या दूरसंचार नियामकाने लोकांपुढे ठेवला आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. त्या वर्षअखेरीस फेसबुकने ठरावीक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’साठी पानभर जाहिराती दिल्या आणि एका टिचकीसरशी ठरावीक मजकुराचे समर्थन पाठवण्याची सोय वापरणाऱ्यांना करून दिली. तरीही ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटाच्या दरातल्या भेदभावावर बंदी घातली. अँड्रॉइड प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्या चौकशीची सुरुवात २०१८ मध्ये तीन तरुणांनी केलेल्या तक्रारीतून झाली होती. बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपनी तिच्यामागे नव्हती.

तेव्हा सोडू नका, बोला, असे सांगून इथेच थांबता आले असते. हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझे म्हणणे तेवढेच होते. पण हर्शमन तिथे थांबला नाही, आणि त्याच्या मागोमाग गेल्यावर मलाही थांबता येत नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीतून माणसे हंगेरीमार्गे पळू लागली. सप्टेंबरात हंगेरीने ऑस्ट्रियाची सीमा खुली केली तेव्हा लोंढाच लागला. हर्शमनच्या जुन्या मांडणीनुसार असंतुष्ट लोक गेले की मागचा विरोध थंडावायला हवा होता. आधीची कित्येक वर्षे तसे घडलेही होते. पण त्या शरद ऋतूत लाइपझिगच्या रस्त्यांवर दर सोमवारी गर्दी वाढतच गेली, आणि ‘आम्हाला जाऊ द्या’ या घोषणेशेजारी ‘आम्ही इथेच राहणार’ ही घोषणा उभी राहिली. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत पडली. १९९३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हर्शमनने आपलाच सिद्धांत पुन्हा तपासला. सोडून जाणे ही एकेकट्याची, खाजगी कृती असते. पण हजारो जण एकाच वेळी, सगळ्यांच्या देखत निघाले की ती कृती सार्वजनिक होते आणि मागे राहिलेल्यांच्या आवाजाला बळ देते.

जानेवारी २०२१ मधला व्हॉट्सॲपचा प्रसंग मला याच प्रकाशात दिसतो. नव्या गोपनीयता धोरणाला ८ फेब्रुवारीपर्यंत संमती द्या, असा निरोप फोनवर झळकला. लोक सिग्नल हे निरोपांचे दुसरे ॲप उतरवून घेऊ लागले, इतके की १५ जानेवारीला सिग्नलची सेवा कोलमडली. त्याच दिवशी व्हॉट्सॲपने मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली. वर्षानुवर्षांच्या तक्रारींनी जे झाले नव्हते ते लोक निघून जाऊ शकतात या नुसत्या शक्यतेने झाले. म्हणजे ‘सोडा’ म्हणणाऱ्या माझ्या स्नेह्यांच्या हातात सत्याचा एक तुकडा होता, आणि तो मी नाकारत नाही.

पण पुढे काय झाले? बहुतेक जण परत आले. मुलाच्या शाळेचा ग्रुप तिथेच, सोसायटीचे पाणी कधी येणार ते तिथेच, डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायचा तो तिथेच. धोरण लागू झाले. स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या मालक मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. परत आलेल्या या माणसांना ते धोरण पटले होते का? माझ्या स्नेह्यांचा हिशेब ‘हो’ म्हणतो. खरे कारण असे की एकट्याने सोडले तर माणूस आपल्याच माणसांतून उठतो. ती किंमत इतकी मोठी आहे की तिथे राहण्याला संमती म्हणणे अन्यायाचे आहे.

मोबाइल कंपनीच्या बाबतीत आपण ही किंमत कायद्याने खाली आणली. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. आणि कोणत्याही कंपनीच्या फोनवरून कोणत्याही कंपनीच्या फोनवर बोलता येतेच. ते इतके स्वाभाविक वाटते की त्यामागे नियम आहे हे आपण विसरतो. यूपीआयमध्येही एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर पैसे जातात. निरोपांच्या बाबतीत युरोपने डिजिटल मार्केट्स कायद्याद्वारे व्हॉट्सॲपवर अशीच सक्ती केली: दुसऱ्या सेवेने मागितल्यास जोडणी द्यावी लागते. आपल्याकडे विदा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला होता. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात तो राहिला नाही. या गळालेल्या हक्कावर जेवढा गदारोळ व्हायला हवा होता त्याच्या शतांशही झाला नाही, आणि मला त्याचा संताप येतो.

मिळून सोडणे आणि मिळून बोलणे ही गोष्ट मराठी मुलखाला परकी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचे, महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. भेसळ करणाऱ्या दुकानदाराला एकेकट्याने सोडण्याऐवजी त्यांनी मिळून सोडले, आणि मिळून असल्यामुळे त्यांचे बोलणे सरकारपर्यंत पोचले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे या चळवळीचीही पुण्याई आहे.

मिळून बोलण्याचे हे बळ तंत्रज्ञानातही दिसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट थांबली. कोट्यवधी चालते-बोलते संगणक केवळ प्रोसेसर जुना किंवा सुरक्षेची ठरावीक चिप नाही म्हणून विंडोज ११ साठी अपात्र ठरले. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिथल्या लोकांना आणखी वर्षभराची अपडेट विनामूल्य, आपला बॅकअप कंपनीकडे ठेवण्याच्या अटीशिवाय दिली. बाकीच्या जगाला तो बॅकअप, मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले गुण किंवा पैसे यांपैकी एक पर्याय घ्यावा लागला. सांगली-सोलापूरच्या सायबर कॅफेतला संगणक आणि ब्रसेल्समधला संगणक यांत तांत्रिक फरक काहीच नाही. आपल्या ग्राहक संघटनांनी तेच आणि त्याच अटींवर का मागू नये, आणि त्या मागणीचा तांत्रिक मसुदा माझ्या स्नेह्यांनीच का लिहून देऊ नये, हा प्रश्न मी त्यांना पत्राने विचारला आहे.